दगड तेवढाच, झाड मात्र वाढते

नाताळच्या आधी आपल्यातील अनेक घरांत परातीत माती घालून नाचणी पेरली जाते. गोठ्याभोवती हिरवे शेत हवे, एवढाच हेतू. अंकुर वर येतात, त्यांत मेंढपाळ आणि मेंढ्या उभ्या राहतात. आणि तीन राजांचा सण उलटला की पिवळी पडलेली ती पाती परसात टाकली जातात. जिवंत रोपांची ही एक मांडणीच होय. आधुनिक कलेत ज्याला मांडणशिल्प म्हणतात, त्यातही गेल्या काही दशकांत माती, धान्य, फुले आणि झाडे आली आहेत. अशा कलाकृतीचे मोल कशावरून ठरवावे, हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो. म्हणून जर्मनीतील एकाच परिसरात, दहा वर्षांच्या अंतराने उभ्या राहिलेल्या दोन कलाकृती येथे शेजारी ठेवून पाहू.

पहिली आहे जोसेफ बॉइस यांची ‘सात हजार ओक’. कासल हे शहर दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या बॉम्बवर्षावात बेचिराख झाले होते. तेथेच १९५५ साली ‘डॉक्युमेंटा’ हे समकालीन कलेचे प्रदर्शन सुरू झाले. त्याच्या सातव्या पर्वासाठी, १९८२ साली, बॉइस यांनी फ्रिडरिशियानुम या संग्रहालयासमोरच्या चौकात बेसाल्टच्या सात हजार शिळांची रास रचली. आपल्या सह्याद्रीचा कातळ ज्या जातीचा, त्याच जातीचा हा पाषाण. त्यांची अट एकच होती : शहरात कुठेतरी एक झाड लावावे, तेव्हाच राशीतील एक शिळा हलवावी आणि त्या झाडाशेजारी रोवावी. म्हणजे चौकातली रास हा शहराने अजून न केलेल्या कामाचा हिशेबच होता. ती कमी व्हायची, तर कुणीतरी फावडे हाती घ्यायला हवे होते.

हे काम पाच वर्षे चालले. नाव ओकचे असले, तरी लिंडेन, अॅश, मेपल, चेस्टनट अशी इतर झाडेही त्यात लागली. काही नागरिकांनी कुरकूर केली. चौक विद्रूप झाला, मोटारी उभ्या करायची जागा गेली, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. पाचशे मार्क देऊन एका झाडाचा आणि शिळेचा भार उचलणारेही निघाले. निधीसाठी बॉइस यांनी एका रशियन झारच्या मुकुटाची सोन्याची प्रतिकृती लोकांसमोर वितळवून तिचा ससा ओतला. हा सोहळा आम्हांला काहीसा नाटकी वाटतो. स्वतःभोवती वलय निर्माण करण्याचा मोह त्यांना आवरत नसे, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावे. जानेवारी १९८६ मध्ये ते वारले. अखेरचे झाड १९८७ साली, आठव्या डॉक्युमेंटाच्या प्रारंभी, त्यांच्या मुलाने पहिल्या झाडाशेजारी लावले.

दुसरी कलाकृती जेफ कून्स यांचे ‘पपी’. कासलपासून जवळच असलेल्या आरोल्सेनच्या राजवाड्यासमोर १९९२ साली ती प्रथम उभी राहिली. १९९७ पासून तिची एक आवृत्ती स्पेनमधील बिल्बाओ येथे गुगेनहाइम संग्रहालयाच्या दारात आहे. सुमारे बारा मीटर उंचीचे कुत्र्याचे पिल्लू, आत पोलादी सांगाडा, अंगभर हजारो फुलझाडे आणि त्यांना पाणी पोचविणारी यंत्रणा. वर्षातून दोनदा, ऋतू पालटला की सगळी रोपे बदलतात. ते पाहून मुले हरखून जातात, आणि तो आनंद खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु येथे रोपाकडे रंगाचे काम आहे. आकार कलावंताने आधीच ठरविलेला; रोपाने त्याबाहेर जाऊ नये म्हणूनच सारा बंदोबस्त. फुलणे संपले की रोपाचे काम संपले.

कासलमध्ये याच्या उलट घडते. बारीक खोडाचे झाड आणि जवळजवळ सव्वा मीटर उंचीची शिळा यांची जोडी प्रथम उभी राहिली, तेव्हा नजर शिळेवर जात होती. शिळा आजही तेवढीच आहे. झाड मात्र तिच्यावरून पसरून गेले आहे. या कलाकृतीचा आकार दरवर्षी बदलतो आणि तो बदलण्याचा अधिकार कलावंताने झाडाला देऊन टाकला आहे.

यावर कुणी म्हणेल, हे तर वृक्षारोपण, यात कला ती कोणती? आमचे उत्तर त्या शिळेकडे बोट दाखवते. शिळा नसती, तर ती झाडे शहराच्या इतर झाडांत मिसळून गेली असती. न वाढणाऱ्या वस्तूशेजारी उभे केल्यामुळेच वाढ डोळ्यांना दिसते आणि गेलेला काळ मोजता येतो. प्रत्येक माणसात कलावंत असतो, असे बॉइस मानत. ज्या बाईने एका कोरड्या उन्हाळ्यात दारासमोरच्या रोपाला बादलीभर पाणी घातले, तिचाही हात या शिल्पाला लागला आहे. आज या झाडांना वारसा म्हणून कायद्याचे संरक्षण आहे. तरी मेलेल्या झाडाच्या जागी नवे लावण्याचे काम कुणाला तरी करावेच लागते.

जिवंत वस्तू कलेत घेणाऱ्याने, प्रदर्शन संपल्यावर तिचे काय, याचे उत्तर आधी द्यावे; आमच्या मते हीच अशा कलेची खरी कसोटी. तिच्यावर परातीतली नाचणीही उतरत नाही, हे आम्ही कबूल करतो. पुढच्या नाताळात गोठ्याजवळ आंब्याचे एखादे कलम ठेवावे आणि तीन राजांच्या सणानंतर ते अंगणात लावावे. शेजारी एक दगड रोवायला मात्र विसरू नये.