देवाला ‘तू’ म्हणण्याची किंमत

आपल्या आजोबांच्या पिढीत बऱ्याच घरांत वडिलांना ‘तुम्ही’ आणि आईला ‘तू’ म्हणत. देव मात्र मराठीत कायम ‘तू’च राहिला. मराठी ख्रिस्ती प्रार्थनेतली जवळीक समजून घ्यायची तर इथून सुरुवात करावी लागते. ही जवळीक सगळ्यात ताकदीने कुणी लिहिली असेल तर ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९).

टिळकांच्या आधी तीनशे वर्षं फादर थॉमस स्टीफन्सने ‘क्रिस्तपुराण’ (१६१६) ओवीत रचलं. पण पुराण देवाबद्दल सांगतं, आणि ऐकणारे समोर बसलेले असतात. अभंग थेट देवाशी बोलतो. टिळकांनी ख्रिस्ताशी बोलायला अभंग घेतला, आणि त्यासोबत वारकऱ्यांचा सगळा हक्कही घेतला: रुसायचा, हट्ट करायचा, गळ्यात पडायचा. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते म्हणत. एका प्रसिद्ध रचनेत ते ख्रिस्ताला एकाच वेळी आई आणि गुरू म्हणतात. ज्या धर्मात देव पिता आहे, तिथे ही माउली पंढरपूरच्या वाटेने आली.

त्यांच्या गाजलेल्या रचनांत मागणं असतं ते सहवासाचं. आपल्यातले बरेचजण, मीसुद्धा, प्रार्थना सपोर्ट तिकीट टाकल्यासारखी करतो: प्रॉब्लेम लिहायचा आणि रिप्लायची वाट बघायची. टिळक वाचताना ही सवय एकदम उघडी पडते.

तरी माझी एक तक्रार आहे. या अभंगांच्या खोलीत दोघंच असतात, भक्त आणि देव. तिसऱ्या माणसाला तिथे जागा नाही. ते तिसरं माणूस कोण, हे कळायला लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ शेजारी ठेवून वाचावं लागतं. १० फेब्रुवारी १८९५ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याला देव सापडला आणि बायकोचं घर मोडलं. पुढची काही वर्षं दोघं वेगळे राहिले. ती वर्षं लक्ष्मीबाई रडत, चिडत आणि मधेच आपल्याला हसवत सांगतात.

त्यांना स्वतःला देव भेटला तो वेगळ्या वाटेने. कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, या रोजच्या प्रश्नाशी झगडताना त्यांना उमगलं की जात माणसाने केली आहे, देवाने नाही. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९००चा. म्हणजे टिळकांची जवळीक शब्दांत दिसते आणि लक्ष्मीबाईंची पाण्याच्या भांड्यात. मला दुसरी जास्त खरी वाटते, कारण तिथे देवाजवळ जाताना एक पाऊल शेजाऱ्याकडेही पडतं.

टिळकांनाही पुढे ही तिसऱ्या माणसाची जागा जाणवली असावी. १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला, आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. दोन वर्षांत ते गेले, त्यामुळे हा प्रयोग अर्धाच राहिला. पण कवी म्हणून त्यांचं मोठेपण मला तिथे दिसतं: खाजगी ‘तू’चा त्यांना ‘आपण’ करायचा होता.

आज अंधेरी-बोरिवलीच्या लोकलमध्ये कानात इअरफोन घालून भक्तिगीत ऐकणारे कितीतरी दिसतात. ते गाणं कुठल्याही धर्माचं असो, डोळे मिटले की देव जवळ येतो आणि डबा लांब जातो. टिळकांचे अभंग तसे ऐकता येतात, सुंदर लागतात. फक्त त्यासोबत ‘स्मृतिचित्रे’ही वाचा. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या मृत्यूमुळे अपुरं राहिलं होतं. ते पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी.