टॉवेल मोजले, पाणी कुणी मोजलं?

मागच्या महिन्यात एका ज्युनिअरने पीएचडीचा आराखडा वाचायला दिला. विषय होता महाबळेश्वर-पाचगणीतल्या छोट्या हॉटेलांचे पर्यावरणरक्षणाचे प्रयत्न. साहित्याच्या आढाव्यात एक वाक्य होतं, की हॉटेलांच्या टॉवेल-पुनर्वापर योजनांमुळे पाण्याची लक्षणीय बचत होते हे सिद्ध झाले आहे. संदर्भ: गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केविशियस, २००८. तुमच्याही आराखड्यात हा पेपर असेल तर तो पुन्हा उघडा. त्यात पाणी मोजलेलंच नाहीये.

मग मोजलंय काय? अमेरिकेतल्या एका हॉटेलात बाथरूममध्ये वेगवेगळ्या मजकुराच्या पाट्या ठेवल्या. एकीवर नेहमीचं ‘पर्यावरण वाचवा’, दुसरीवर ‘बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात’. पहिल्या पाटीने ३५.१ टक्के, दुसरीने ४४.१ टक्के. पुढच्या प्रयोगात ‘याच खोलीत राहिलेल्या पाहुण्यांनी’ असं लिहिलं तर ४९.३ टक्के. प्रयोग म्हणून हे सुरेख आहे. पाहुण्यांना काही विचारलं नाही, ते काय करतात ते पाहिलं. आपण उठसूट गूगल फॉर्म पाठवतो, त्यापेक्षा कितीतरी बरं.

पण ‘पुनर्वापर’ ठरवला कसा, तो परिच्छेद सावकाश वाचा. नोंद खोली साफ करणारे कर्मचारी करत होते. टॉवेल दांडीवर किंवा शॉवरच्या पडद्याच्या रॉडवर असेल तर पुनर्वापर. दाराच्या हुकला अडकवलेला असेल तर नाही, कारण तिथे लोक सवयीनेच टॉवेल टांगतात. नियम पटण्यासारखा आहे. पण यातून कळतं ते पाहुण्याने पाटीचं ऐकलं की नाही, एवढंच. तो टॉवेल न धुतल्यामुळे किती पाणी वाचलं, हा प्रश्न लेखकांचा नव्हताच. म्हणजे चूक त्यांची नाही, आपल्या संदर्भ देण्याची आहे.

दुसरं म्हणजे आकडे सगळीकडे तसेच येत नाहीत. बोनर आणि श्ल्यूटर यांनी २०१४ मध्ये जर्मनीतल्या हॉटेलांत हाच प्रयोग केला. तिथे मुळातच बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरत होते आणि साधी पाटीही कमी पडली नाही. २०१६ मध्ये शाइबेहेने आणि सहकाऱ्यांनी सात अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा ‘इतर पाहुणे’वाल्या पाटीच्या बाजूने पुरावा मिळाला. एकच पेपर वाचून थांबलात तर यातली कुठलीतरी अर्धीच गोष्ट तुमच्या हाती लागेल.

मला खरी अडचण वाटते ती वेगळीच. या सगळ्यात हॉटेल फक्त पाटी लावतं, आणि टॉवेल पुन्हा वापरायचं काम पाहुणा करतो. ‘ग्रीनवॉशिंग’ हा शब्द जे वेस्टरवेल्ड यांनी १९८६ मध्ये हॉटेलांच्या असल्याच टॉवेल-पाट्यांवरून काढला, ते उगाच नाही. गंमत म्हणजे याच तिघांचा २०११ चा पेपर फारसं कुणी उघडत नाही. त्यात दोन पाट्यांची तुलना आहे: ‘तुम्ही टॉवेल वापरा, मग आम्ही देणगी देऊ’ आणि ‘तुमच्या वतीने आम्ही देणगी आधीच दिली आहे’. दुसरीला जास्त प्रतिसाद मिळाला. व्यवसायाने आधी स्वतः काहीतरी केलं तर काय होतं, हे तुमच्या विषयाच्या जास्त जवळचं नाही का?

ज्युनिअरला मी एवढंच विचारलं, की तुझ्या हॉटेलांचे कपडे धुतात कुठे? त्याला माहीत नव्हतं. चौकशी केली तर बरेचसे बाहेरच्या लाँड्रीत जातात. म्हणजे पाणी वाचलंच तर ते लाँड्रीवाल्याच्या मीटरवर, आणि हॉटेलची बचत धुलाईच्या बिलात. आता त्याने प्रश्नावली बाजूला ठेवून लाँड्रीच्या वह्या आणि टँकरच्या पावत्या मागायला सुरुवात केलीये. आत्तापर्यंत दोन मालक तयार झालेत. तिसऱ्याने चहा पाजला आणि वही दाखवली नाही.