विज्ञानवार्तांचें सदर

मराठी मासिकांतील विज्ञानवार्तांचीं सदरें आम्ही आवडीनें वाचतों. परंतु त्यांविषयीं आमची एक तक्रार आहे. कृष्णविवर, पिकांवरील रोग आणि भूकंप एकाच पंगतीस बसतात, याला आमची हरकत नाहीं. हरकत ही कीं, निष्कर्ष तेवढा छापला जातो. तो कसा निघाला हें सांगितलें जात नाहीं.

घेवडा पिकविणाऱ्या कोरेगांवच्या वाचकाचेंच उदाहरण घ्या. 11 डिसेंबर 1967 रोजीं कोयनेच्या भूकंपानें त्याचा सातारा जिल्हा हादरला. ‘धरणाच्या पाण्यानें भूकंप होतो’ एवढेंच त्यास सांगणें म्हणजे नुसती भीति घालणें होय. जलाशय भरूं लागल्यावर धक्के जाणवूं लागले. पाण्याची पातळी व धक्क्यांच्या नोंदी वर्षानुवर्षें ताडून पाहिल्या गेल्या. पुढें खडकांत 3 किलोमीटर खोल छिद्र पाडून तपास झाला. पाण्यानें भेगांतील दाब वाढतो. ताण मात्र खडकांत आधींच सांचलेला असतो. इतकें कळलें म्हणजे वाचक स्वतः तारतम्य करूं शकतो.

1928 सालीं निघालेल्या ‘सृष्टिज्ञाना’नें शास्त्र मराठींत समजावून देण्याची वाट घालून दिली आहे. दहा शोधांचीं नांवें छापण्यापेक्षां दोहोंची कुळकथा सांगावी, एवढीच संपादकांस आमची विनंति.