सातबाऱ्याचें प्रामाण्य

जुन्या कागदाची परीक्षा करितांना तो कोणीं व कोणत्या हेतूनें लिहिला, हें आम्ही प्रथम पाहतों. हीच कसोटी सातबाऱ्यासही लावली पाहिजे. गांव नमुना सात हें अधिकार अभिलेख पत्रक, तर बारा ही पिकांची नोंदवही. दोन्ही महसुली कामाचे कागद. मालकीचा निवाडा करणें हें त्यांचें कार्य नव्हे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचें कलम १५७ अधिकार अभिलेखांतील नोंद खरी मानतें, परंतु विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराच्या नोंदीनें मालकी उत्पन्न होत नाहीं व नष्टही होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालच्या एका निकालांत सांगितलें. सबब केवळ सातबाऱ्यावरील नांवावरून घराण्याचें स्वामित्व ठरविणें आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. त्याचा शोध खरेदीखत, वांटणीपत्र, निवाडपत्र व महजर यांत घेतला पाहिजे.

येथेंच संग्राहकांवर जबाबदारी येते. तीस वर्षांचा जुना दस्तऐवज योग्य ताब्यांतून पुढें आल्यास त्यावरील सही व हस्ताक्षर न्यायालय खरें मानूं शकतें. १८७२ च्या पुरावा कायद्यांतील हा नियम २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतही कायम आहे. मजकुराची सत्यता मात्र त्यानें सिद्ध होत नाहीं. घराण्याच्या रुमालांतून सुटा काढलेला महजर कोठून आला हें सांगतां न आल्यास हा आधार तुटतो. म्हणून कागद हलविण्यापूर्वीं घर, रुमाल व तारीख टिपून ठेवावी, अशी आमची संग्राहकांस आग्रहाची विनंती आहे.