मिथेनच्या अल्प तापमान ज्वलनासाठी पेरोव्हस्काइट उत्प्रेरक : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
मिथेन हा नैसर्गिक वायूचा प्रमुख घटक होय. आयपीसीसीच्या २०२१ मधील अहवालानुसार जीवाश्म स्रोतांतील मिथेनची तापमानवाढीची क्षमता शंभर वर्षांच्या कालावधीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ३० पट, तर वीस वर्षांच्या कालावधीत ८० पटींहून अधिक आहे. म्हणून इंजिनातून न जळता निसटणारा मिथेन वातावरणात जाण्यापूर्वीच जाळणे इष्ट ठरते. मात्र मिथेनमधील कार्बन-हायड्रोजन बंध तोडण्यास प्रति मोल सुमारे ४३९ किलोज्यूल ऊर्जा लागते. त्यामुळे उत्प्रेरकाविना हे कार्य साध्य होत नाही. यासाठी पॅलेडियम प्रभावी आहे, परंतु महाग आहे. त्याचा स्वस्त पर्याय म्हणून पेरोव्हस्काइट ऑक्साइडांचा पुरस्कार गेली अनेक दशके होत आला आहे. या दाव्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी :
१८३९ मध्ये गुस्टाव्ह रोझ यांनी उरल पर्वतातील कॅल्शियम टायटेनेट या खनिजाचे वर्णन केले व त्यास पेरोव्हस्काइट हे नाव दिले. या कुळातील ऑक्साइडांचे सर्वसाधारण सूत्र 'एबीओ३' असे आहे. 'ए' स्थानी लॅन्थेनमसारखा मोठा आयन, तर 'बी' स्थानी मँगनीज, कोबाल्ट किंवा लोह असतो. लॅन्थेनमच्या काही आयनांच्या जागी स्ट्रॉन्शियम घातल्यास विद्युतभाराचा समतोल राखण्यासाठी 'बी' धातूची संयुजा वाढते किंवा स्फटिकात ऑक्सिजनची रिक्त स्थाने निर्माण होतात. उत्प्रेरण क्रियेचे मर्म यातच आहे. १९७१ मध्ये डब्ल्यू. एफ. लिबी यांनी वाहनांच्या धुरासाठी कोबाल्टयुक्त पेरोव्हस्काइट सुचविले. १९८६ मध्ये जपानमधील अराई व त्यांच्या सहकाऱ्यांनी मिथेन ज्वलनासाठी विविध पेरोव्हस्काइटांची तुलना केली. स्ट्रॉन्शियमयुक्त लॅन्थेनम मँगनाइटची क्रियाशीलता ॲल्युमिनावरील प्लॅटिनमच्या तोडीची आहे, असे त्यांनी दाखविले. पुढील संशोधनाचा पाया या निष्कर्षाने घातला.

विवेचन :
या निष्कर्षाचे महत्त्व मान्य करूनही काही प्रश्न उपस्थित होतात. पहिला प्रश्न तुलनेचा आहे. ऑक्सिजन मुबलक असताना मिथेनच्या ज्वलनात प्लॅटिनमपेक्षा पॅलेडियम अधिक क्रियाशील ठरते. म्हणजे प्लॅटिनमची बरोबरी साधणे म्हणजे खऱ्या प्रतिस्पर्ध्याची बरोबरी साधणे नव्हे. 'मौल्यवान धातूंना तुल्यबळ' असे विधान करताना कोणता धातू, हे सांगणे म्हणूनच अगत्याचे आहे.

दुसरा प्रश्न 'अल्प तापमान' या संज्ञेचा आहे. ती दोन भिन्न अर्थांनी वापरली जाते. गॅस टर्बाइनच्या संदर्भात ज्वालेच्या तापमानाहून कमी असा तिचा अर्थ होतो. तेथे नायट्रोजन ऑक्साइडे टाळणे हा हेतू असतो व उत्प्रेरकाला हजार अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता सोसावी लागते. इंजिनाच्या धुरात मात्र चारशे ते पाचशे अंशांच्या दरम्यान किंवा त्याहूनही खाली काम करावे लागते. पहिल्या क्षेत्रात पेरोव्हस्काइटचा उष्णतारोधक गुण मोलाचा आहे. दुसऱ्या क्षेत्रात तोच गुण अडचण ठरतो. कारण हा स्फटिक सिद्ध होण्यासाठी सामान्यतः ७०० अंशांच्या वर तापवावे लागते आणि त्या तापात कण एकमेकांस चिकटून पृष्ठीय क्षेत्रफळ घटते. पारंपरिक घनस्थिती पद्धतीने ते बहुधा प्रति ग्रॅम १० चौरस मीटरहून कमी राहते. गॅमा ॲल्युमिनाचे ते १०० चौरस मीटरहून अधिक असते. कमी तापमानाला अभिक्रिया पृष्ठभागावरील ऑक्सिजनवर अधिक विसंबून असल्याने ही उणीव तेथेच सर्वाधिक जाणवते.

तिसरा प्रश्न चाचणीच्या परिस्थितीचा आहे. अनेक शोधनिबंधांत कोरडा व गंधकविरहित वायू वापरून निम्मा मिथेन जळण्याचे तापमान नोंदविले जाते. प्रत्यक्ष धुरात पाण्याची वाफ दहा टक्क्यांच्या घरात असते आणि ती क्रियाशील स्थाने व्यापते. इंधनातील वासद्रव्ये व वंगणतेल यांतून गंधक येते. त्यामुळे लॅन्थेनम व स्ट्रॉन्शियम यांची सल्फेटे तयार होऊन पृष्ठभाग निकामी होऊ लागतो. शिवाय निम्मा मिथेन जळणे म्हणजे उरलेला निम्मा वातावरणात जाणे होय, हेही विसरता येत नाही.

अर्थात पॅलेडियमही वाफ व गंधक यांपासून मुक्त नाही. त्यामुळे पेरोव्हस्काइटला सरसकट बाद ठरविणे अन्यायाचे होईल. २००२ मध्ये निशिहाता व सहकाऱ्यांनी पेट्रोल वाहनांच्या संदर्भात दाखविले की, पेरोव्हस्काइटच्या जालकात पॅलेडियम सामावून घेतल्यास ते परिस्थितीनुसार आत-बाहेर करीत राहते व त्याचे कण मोठे होणे टळते. येथे पेरोव्हस्काइट हा मौल्यवान धातूचा पर्याय न राहता त्याचा आधार बनतो. ही भूमिका अधिक नम्र, परंतु अधिक सयुक्तिक वाटते.

निष्कर्ष :
पेरोव्हस्काइटची रासायनिक लवचिकता निर्विवाद आहे. अल्प तापमानातील त्याची योग्यता मात्र अद्याप सिद्ध करावयाची आहे. सायट्रेट पद्धत, भट्टी व क्ष-किरण विवर्तन ही साधने महाविद्यालयीन प्रयोगशाळांच्याही आवाक्यात असल्याने या विषयावर तेथे संशोधन होणे स्वाभाविक आहे. परंतु शुद्ध स्फटिकाचा आलेख हा क्रियाशीलतेचा पुरावा नव्हे. प्रति चौरस मीटर अभिक्रियेचा वेग, वाफ व गंधक यांच्या सान्निध्यातील दीर्घकालीन चाचणी आणि त्याच परिस्थितीत पॅलेडियमशी तुलना, एवढ्या तीन बाबी नोंदविल्या गेल्या तरी प्रबंधांतील निष्कर्षांना वजन प्राप्त होईल. अन्यथा स्वस्त उत्प्रेरकाच्या नावाखाली न जळलेला मिथेनच वातावरणात जात राहील.