पत्रा पुढं कुठं जातो?

३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीत आधी पत्र्याचे तात्पुरते निवारे आले, मग कायमची घरं. आपण चर्चा करतो ती कायमच्या घरांची. मला निवाऱ्यांबद्दल बोलायचंय.

जीव घेतले ते मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी आणि माळवदावरच्या जड मातीनं. आतले लाकडी खांब, तुळया मात्र सुट्या करून पुन्हा वापरता येणाऱ्या. कोबेत १९९५च्या भूकंपानंतर शिगेरू बान यांनी कागदी नळ्यांचं चर्च उभारलं. २००५मध्ये ते उतरवून तैवानला नेलं. जगानं कौतुक केलं. जुनी तुळई नव्या घराला घालणाऱ्या आपल्या सुताराचं कोण करणार?

तात्पुरत्या घराची परीक्षा ते उतरवताना होते. बोल्ट सुटतो का? पत्रा न फाटता निघतो का? आणि निघालेला पत्रा कुणाचा? तो त्या कुटुंबाचाच असला, तर उद्या त्याचा गोठा होईल. नाहीतर भंगार.