समर्थकांचा क्लब कोणाचा?

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ फुटबॉल क्लबाकडे बघू. २००८ला एफए कप जिंकलेला हा क्लब पाच वर्षांत दोनदा दिवाळखोरीच्या प्रशासकाच्या हाती गेला, चौथ्या श्रेणीपर्यंत घसरला. एप्रिल २०१३मध्ये समर्थकांच्या ट्रस्टने तो विकत घेऊन वाचवला. एक शेअर हजार पौंडांचा. एकट्याला झेपला नाही तर काहींनी मिळून घ्यायचा. इथवर आम्हीही टाळ्या वाजवतो.

पण २०१७मध्ये याच भागधारकांनी मोठ्या बहुमताने तो डिस्नेचे माजी प्रमुख मायकल आयस्नर यांना विकायचा कौल दिला. तोवर जुनं कर्ज फिटलं होतं, संघ चौथ्या श्रेणीत पहिला आला होता! मग का? फ्रॅटन पार्क हे मैदान शंभरहून अधिक वर्षांचं, त्याच्या डागडुजीला वर्गणी कुठवर पुरणार? कारण खरंच आहे, त्यावर आमचा आक्षेप नाही.

आक्षेप मतदानावर आहे. मत भागधारकांना. ज्याच्याकडे हजार पौंड नव्हते, पण जो चाळीस वर्षं पावसात स्टँडमध्ये उभा राहिला, त्याला कोणी विचारलं? लॉक म्हणतो, वस्तूत श्रम मिसळले की ती आपली होते. आता चाळीस वर्षांचं ओरडणं श्रमात धरायचं की नाही? (हसू नका.) ट्रस्टने हे शेअर विकायला काढतानाच ठरवायला हवं होतं.